किल्ली वरच्या मोटारीत: इचटकनी नदीवरची एक डिसेंबर संध्याकाळ

प्रकरण छोटं आहे. सात माणसं, चार कयाक, दोन मोटारी आणि एक नदी. कुणी बुडालं नाही, कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. तरीही २८ डिसेंबरला संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर फ्लोरिडातल्या इचटकनी स्प्रिंग्ज स्टेट पार्कच्या खालच्या धक्क्यावर आम्ही उभे होतो, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. नऊ वर्षांचा पुतण्या चिंब भिजलेला, दातावर दात वाजताहेत. समोरच्या वाहनतळावर आमची मिनीव्हॅन उभी. आणि तिची किल्ली नदीच्या वरच्या टोकाला, दुसऱ्या मोटारीत पडलेल्या नवऱ्याच्या जाकिटाच्या खिशात.

घरी आल्यावर नवरा आणि भाऊजींनी या प्रसंगाचा निकाल दोन मिनिटांत लावला: "जादा किल्ली बरोबर हवी होती, बस्स." मला तो पटला नाही. म्हणून हे सगळं नीट मांडून बघते आहे.

मंडळी आणि मोहीम

आम्ही अटलांटाला राहतो. धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा शार्लटला. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, उत्साह शाबूत. नाताळाच्या सुट्टीत बर्फात जायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून ठरलं फ्लोरिडा, पण डिस्ने नाही, समुद्र नाही. तंबू, कयाक आणि झऱ्यांच्या नद्या.

फ्लोरिडाच्या पोटात चुनखडीचे जाड थर आहेत. पावसाचं पाणी त्यांत मुरतं, भेगा आणि कपारींमधून वाहत राहतं आणि जागोजागी उफाळून वर येतं. असे हजाराहून जास्त झरे या एका राज्यात आहेत. त्यांतले मोठे, ज्यांना इथे 'पहिल्या दर्जाचे' म्हणतात, ते दिवसाला सुमारे २४ कोटी लिटर किंवा त्याहून जास्त पाणी फेकतात. एकेका झऱ्यातून आख्खी नदी सुरू होते. जमिनीखालचं पाणी त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकं उबदार असतं, त्यामुळे झऱ्याचं तापमान बारा महिने २२ अंशांच्या आसपास. जून असो की जानेवारी, काटा हलत नाही.

या २२ अंशांनीच आम्हाला फसवलं. त्यावर पुढे येते.

इथली स्टेट पार्कची व्यवस्था १९३५ पासूनची. आज पावणेदोनशेच्या आसपास उद्यानं आहेत. हिवाळा हा त्यांचा हंगाम. डास नाहीत, घाम नाही, आणि उत्तरेतून आलेल्या निवृत्त मंडळींच्या मोठमोठ्या घरगाड्यांची रांग. तंबूची जागा राज्याच्या रहिवाशांना अकरा महिने आधी आरक्षित करता येते, आमच्यासारख्या बाहेरच्यांना दहा महिने आधी. त्या एका महिन्यात जे व्हायचं ते होऊन जातं. जाऊबाईंनी तीन आठवडे रोज सकाळी चहाबरोबर रद्द झालेल्या जागा शोधल्या, तेव्हा कुठे ओलीनोत तीन रात्री आणि सिल्व्हर स्प्रिंग्जला तीन रात्री जमल्या.

इचटकनी पार्कमध्ये मुक्काम करता येत नाही, म्हणून ओलीनो. ती जागाही मजेशीर आहे. तिथे सॅन्टा फे नदी एका डोहात शिरते आणि गडप होते. तीनेक मैल जमिनीखालून जाऊन पुन्हा वर येते. आई त्या डोहाच्या काठावर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सरस्वतीसारखं केलं की हिनं." तिथल्या गावाचं नाव पूर्वी कीनो होतं, एका जुगारावरून. मग लाज वाटून लीनो केलं. गाव उठलं, 'ओल्ड लीनो' उरलं, त्याचं झालं ओलीनो.

कागदावरची योजना

इचटकनी नदी सहा मैलांची. त्यातला पार्कमधला, वरच्या धक्क्यापासून खालच्या धक्क्यापर्यंतचा पट्टा साडेतीन मैलांच्या आसपास. उन्हाळ्यात लोक टायरच्या ट्यूबवर पडून हाच पट्टा तरंगत उतरतात. पाणी आरशासारखं, तळाचं गवत दिसतं, प्रवाह सौम्य. काठावर सायप्रसची झाडं, त्यांच्या मुळांचे गुडघे पाण्याबाहेर आलेले, फांद्यांवरून राखाडी मॉस लोंबतं. तिरंदाज पक्षी पंख पसरून वाळत बसलेले असतात, अगदी आपल्याकडच्या धरणावर बसतात तसे. कासवं ओंडक्यावर रांगेत.

एकमार्गी नदीला मोटारींची कसरत करावी लागते. आमची अशी होती: सगळे वरच्या टोकाला जायचं, कयाक उतरवायच्या. मग नवरा आणि भाऊजींनी दोन्ही मोटारी खालच्या टोकाला न्यायच्या, मिनीव्हॅन तिथे सोडायची, भाऊजींच्या एसयूव्हीतून दोघांनी परत वर यायचं. संध्याकाळी खाली उतरलं की मिनीव्हॅननं जाऊन वरची एसयूव्ही आणायची. कागदावर यात चूक काढता येणार नाही. हजारो लोक असंच करतात.

वेळेचा हिशोब असा होता: वल्हवत दोन तास. दुपारी एकला निघायचं, तीनला खाली, चारला ओलीनोत शेकोटीपाशी भजी.

२८ तारखेला झालं काय

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. रात्री थंड हवेचा पट्टा सरकून गेला आणि आभाळ लख्ख मोकळं झालं. फ्लोरिडातल्या थंडीची ही ठरलेली चाल आहे: आधी पाऊस, मग वायव्येचा वारा, मग निरभ्र रात्र, आणि त्या रात्री जमिनीची ऊब सरळ आभाळात निघून जाते. सकाळी तंबूवर पांढरं दव गोठलेलं होतं. आतून तर तंबू टपकत होता. सात माणसांचा रात्रभराचा श्वास कापडाला लागून पाणी झाला होता. स्लीपिंग बॅगा दोरीवर वाळत घातल्या. आईंनी पांघरुणातून तोंड काढून विचारलं, "फ्लोरिडा म्हणजे गरम ना गं?"

सगळं वाळेपर्यंत, पोहे होईपर्यंत, मुलं हलेपर्यंत साडेअकरा झाले. ओलीनोहून वरच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. तिथे कयाक उतरवल्या, मोटारीपाशी उभ्या उभ्या दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. इचटकनीवर एकदा वापरून फेकायच्या वस्तू नेऊ देत नाहीत, अगदी प्लॅस्टिकची पाण्याची बाटलीसुद्धा नाही, तेव्हा उगाच नियमात अडकायला नको म्हणून खाण्याचा सगळा पसारा एसयूव्हीतच ठेवला. मग पुरुष मंडळी मोटारी हलवायला गेली. जाताना म्हणाले अर्धा तास, आले सव्वा तासानं. वाटेत पेट्रोल भरलं होतं. तोवर आम्ही चालत ब्लू होल हा झरा बघून आलो. नदीतल्या झऱ्यांत हा सगळ्यात मोठा, निळा म्हणजे इतका निळा की मुलीनं तीनदा विचारलं, यात रंग टाकलाय का.

दुपारी ऊन छान तापलं होतं. सोळा-सतरा अंश असतील. चार कयाक धक्क्यापर्यंत वाहून नवऱ्याला घाम आला. त्यानं जाकीट काढलं आणि एसयूव्हीच्या सीटवर टाकलं. मिनीव्हॅनची किल्ली त्या जाकिटात होती. कोरड्या कपड्यांची मोठी पिशवी सकाळी मी स्वतः मिनीव्हॅनमध्ये ठेवली होती. जाऊबाईंना त्यातली टोपी हवी होती, म्हणून त्यांनी ती बाहेर काढली आणि जे दार उघडं दिसलं त्यातून परत ठेवली. ते दार एसयूव्हीचं होतं.

इतकंच. यात कुणाचाही हलगर्जीपणा मला दिसत नाही. उकडलं तर माणूस जाकीट काढतो.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी पाण्यात उतरलो. मी आणि आई एका कयाकमध्ये, जाऊबाई आणि माझी मुलगी दुसरीत, भाऊजी आणि पुतण्या तिसरीत, नवरा एकटा. पुतण्याला लाइफ जॅकेट घातलं होतं. फ्लोरिडात छोट्या होडीत सहा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगावर घालायलाच लागतं; बाकीच्यांचं होडीत असलं तरी कायदा समाधानी. आम्ही सगळ्यांनीच घातलं, कारण आईंनी हट्ट धरला. लहानपणी कृष्णेत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली बाई ती. "भोपळा घरी ठेवून कुणी शिकलंय का?" एवढंच म्हणाल्या.

पहिला दीड तास स्वर्ग होता, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पाणमांजरांची एक जोडी दिसली आणि तिथे वीस मिनिटं गेली. पाण्यात हात घातला तर कोमट लागत होतं. हवा गार आणि पाणी कोमट, म्हणून सगळ्यांचं एकच म्हणणं: पडलो तरी काय बिघडतंय?

सव्वाचारच्या सुमाराला एका वळणावर झाड आडवं पडलेलं होतं. अर्धा प्रवाह मोकळा, अर्धा फांद्यांत. भाऊजींची कयाक आडवी झाली आणि बाजूनं जाऊन झाडाला टेकली. अशा वेळी शरीर आपोआप अडथळ्यापासून लांब, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला कलतं. नेमकं तेच करायचं नसतं. वरची कड खाली दबते, पाणी तिच्यावर चढतं आणि कयाक क्षणात पालथी होते. झाडाकडे कलायचं, त्याला जवळजवळ मिठी मारायची, मग हातानं ढकलत पुढे सरकायचं. हे वाचून ठाऊक होतं. भाऊजी कलले उलट्या बाजूला. पुतण्याही.

पाणी छातीइतकं होतं. दोघेही लगेच उभे राहिले, हसत होते. कयाक काठाला ओढून पाणी काढण्यात पंधरा मिनिटं गेली. पुतण्याच्या अंगात जाड सुती हुडी आणि जीन्स. पाण्यात होता तोवर त्याला काहीच वाटलं नाही. बाहेर येऊन बसला, वारा लागला, आणि दहा मिनिटांत त्याचे ओठ बदलले.

२२ अंशांचं गणित

इथे थोडं थांबते, कारण बाहेरगावाहून येणारा जवळजवळ प्रत्येकजण इथेच चुकतो.

झऱ्याचं पाणी डिसेंबरात हवेपेक्षा गरम असतं, म्हणून मनात त्याची नोंद 'सुरक्षित' अशी होते. पण त्या पाण्यातून बाहेर आल्यावर अंगावर उरतं ते ओलं कापड. सुती कापड पाणी धरून ठेवतं. वारा त्या पाण्याची वाफ करतो आणि लागणारी उष्णता अंगातून ओढतो. शरीर सदतीस अंशांचं, हवा बाराची आणि उतरती, ऊन झाडांमागे गेलेलं. लहान मुलाच्या अंगात साठा कमी आणि वजनाच्या मानानं कातडी जास्त. तो आमच्या आधी रिकामा होतो. नदीनं त्याला काही केलं नाही. नदीनंतरच्या पाऊण तासानं केलं.

मॅनाटी या समुद्रगायींनी हे गणित आपल्याआधी सोडवलंय. पाणी वीस अंशांखाली गेलं की त्यांना सोसत नाही, म्हणून थंडी पडली की त्या नदी सोडून झऱ्यांत येऊन राहतात आणि चरायला तेवढ्या बाहेर जाऊन परत येतात. आम्ही झऱ्यात भिजून वाऱ्यात बसलो.

आईंनी आपला हातानं विणलेला लोकरीचा स्वेटर काढून पुतण्याला दिला. आमच्या तांत्रिक कापडाच्या जाकिटांची मोटारीत रास पडली होती आणि कामाला आला तो सांगलीचा स्वेटर. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते, सुती कापड राखत नाही. आईंना हे ठाऊक असल्याचं मी म्हणणार नाही. त्यांना थंडी वाजत होती म्हणून त्यांनी तो घातला होता, एवढंच.

धक्क्यावर

पाच वाजून दहा मिनिटांनी खाली पोचलो. सूर्यास्त साडेपाचनंतर पाच-सात मिनिटांनी. नवऱ्यानं खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग तो काही बोलला नाही, आणि त्यावरूनच मला कळलं.

पर्याय काय होते? साडेतीन मैल उलट वल्हवत जाणं अंधारात शक्य नव्हतं. रस्त्यानं चालायचं तर हमरस्त्याच्या कडेनं, काळोखात, कित्येक मैल. भाऊजींच्या एसयूव्हीची किल्ली त्यांच्या लाइफ जॅकेटच्या खिशात सुखरूप होती. गंमत बघा, जी मोटार इथे नव्हती तिची किल्ली होती. फोन एकच चालू, त्यावर नेटवर्कची एक काडी. शिवाय स्टेट पार्कची फाटकं सूर्यास्ताला बंद होतात. म्हणजे पंचवीस मिनिटांत आम्ही इथे आणि आमची मोटार तिथे, दोन्ही कुलुपात.

वाहनतळावर आणखी एक पिकअप होता. एक म्हातारं जोडपं त्यावर लाकडी कनू बांधत होतं. नवरा आणि भाऊजी तीन मिनिटं आपसांत बोलत राहिले: टॅक्सी मागवावी का, कयाक भाड्यानं देणाऱ्या दुकानाला फोन करावा का, काच फोडावी का. अनोळखी माणसाला आपली चूक सांगायची लाज वाटत होती, दुसरं काही नाही. ही तीन मिनिटं मला सगळ्या प्रकरणात सगळ्यात महाग वाटतात. जोडपं दोऱ्या आवळून निघालंच होतं. शेवटी माझी बारा वर्षांची मुलगी पळत गेली आणि त्यांना थांबवलं. आजोबांनी भाऊजींना पुढच्या सीटवर घेतलं आणि वरच्या टोकाला निघाले. आजीबाईंनी जाताना खाली ठेवलं: एक जाड घोंगडी आणि थर्मासमध्ये उरलेला कोको.

मधल्या अर्ध्या तासात आम्ही पुतण्याला स्वच्छतागृहाच्या भिंतीआड, वाऱ्यापासून आडोशाला नेलं. सगळे ओले कपडे काढले. टिपलं, चोळलं नाही. गारठलेल्या अंगाला चोळायचं नसतं, आधी छाती-पोट गरम करायचं. स्वेटर, घोंगडी, आईंची शाल, डोक्याला जाऊबाईंची ती सुप्रसिद्ध टोपी. बुडाखाली दोन लाइफ जॅकेटं, कारण सिमेंट खालून ऊब खातं. कोको घोटघोट. आईंच्या पर्समधून आलेपाकाच्या वड्यांची डबी निघाली; ती नदीवर न्यायला परवानगी होती की नाही, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

मी त्याच्याशी सतत बोलत होते, आणि ते निव्वळ मन रमवायला नव्हतं. तो कुडकुडत होता तोवर मला धीर होता. कुडकुडणं म्हणजे शरीराची शेगडी चालू आहे. ती बंद पडली आणि माणूस अजून गारच असला, बोलणं जड झालं, हातातून वस्तू निसटायला लागल्या, विनाकारण चिडचिड किंवा झोप यायला लागली, की प्रकरण वेगळं. मनाशी ठरवलं होतं की यातलं एक जरी दिसलं तरी ९११ लावायचा, मग लाज गेली खड्ड्यात. तो मात्र पोकेमॉनवर वाद घालत होता. वाद तर्कशुद्ध होता.

भाऊजी फाटक लागायच्या आत एसयूव्ही घेऊन आले. साडेपाच होऊन गेले होते. पिकअप त्यांच्या मागोमाग, केवळ घोंगडी न्यायला.

चूक कुठे होती

नवऱ्याचं म्हणणं, जादा किल्ली. मान्य, ती असती तर मिनीव्हॅन उघडली असती आणि हीटर लागला असता. पण कोरडे कपडे तरीही वर होते. खाणं वर होतं. जाकिटं वर होती. समजा उलट झालं असतं, किल्ली खिशात असती आणि कयाक दोन मैल आधी फुटली असती, तर त्या किल्लीचा काय उपयोग होता?

मला दिसतं ते असं. आम्ही निघालो त्या जागेला मनातून घर मानलं. पिशवी 'मोटारीत आहे', जाकीट 'मोटारीत आहे', म्हणजे आपल्याजवळ आहे. डोंगर चढताना हे चालतं, कारण परत त्याच वाटेनं उतरायचं असतं. सह्याद्रीत पायथ्याच्या घरी सामान ठेवायची आम्हा दोघांना कॉलेजपासून सवय. एकमार्गी नदीवर पहिलं वल्हं मारलं की मागचं सगळं हातातून गेलं. खाली जे लागणार आहे ते एकतर होडीत हवं किंवा आधीच खाली पोचलेलं हवं. आम्ही मोटारींची जुळणी केली, वस्तूंची केली नाही.

दुसरं, आम्ही मैल मोजले, उजेड मोजला नाही. डिसेंबरअखेरीला इथे दिवस सव्वादहा तासांचा. त्यातून तंबू वाळवणं, न्याहारी, मोटारींची ने-आण वजा केली की नदीला तीन तास उरतात, आणि त्या तीन तासांत पाणमांजरं येतात. एकला निघायचं ते पावणेतीनला निघालो, तेव्हाच कुणीतरी म्हणायला हवं होतं की आज राहू दे. कुणी म्हटलं नाही, कारण पुरुषांनी नुकतीच सव्वा तास मोटारींची हमाली केली होती. केलेली हमाली फुकट जाऊ नये म्हणून माणसं पुढे जातात. मीही त्यात होते. मी तर वल्हं हातात घेऊन उभी होते.

पालथं होणं मी चुकांत धरत नाही. नदीवर होडी पालथी होणारच.

उरलेले दिवस

दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवला आणि पद्धतही. रेनबो नदी डनेलन गावापाशी. पावणेसहा मैल वाहून विथलाकूची नदीला मिळते. तिथे आम्ही मोटारी हलवल्याच नाहीत. के. पी. होल या काउंटीच्या पार्कातून कयाक टाकल्या आणि आधी प्रवाहाविरुद्ध झऱ्याच्या उगमाकडे गेलो. दीड मैलाला सव्वा तास लागला, खांदे भरून आले, आणि परत येताना वल्हं आडवं ठेवून नुसतं तरंगत आलो. दमणूक आधी, उजेड असताना; परतीला नदी मदतीला. निघालो तिथेच पोचायचं, म्हणून मोटारीतली पिशवी खरोखर आपली. तरी एक ड्राय बॅग, म्हणजे पाणी न शिरणारी पिशवी, होडीत होतीच: दोन लोकरी थर, टोप्या, आलेपाक, शिट्टी.

सिल्व्हर नदीवर हे जमत नाही, कारण पार्कमधला धक्का उगमाशीच आहे. आधी खालीच जावं लागतं. तिथे घड्याळ लावलं. वीस मिनिटं खाली, की चाळीस मिनिटं वर यायला धरायची. मुलांना ते अन्यायाचं वाटलं, कारण वळायची वेळ झाली तेव्हाच काठावर माकडं दिसली. हो, माकडं, आणि आपल्या देशातली. १९३० च्या दशकात इथल्या एका बोटवाल्यानं पर्यटकांना जंगल दाखवायचं म्हणून रीसस माकडं आणून नदीतल्या बेटावर सोडली. त्यांना पोहता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. ती बेट सोडून गेली आणि आता काठच्या जंगलात त्यांच्या टोळ्या आहेत. त्यांच्यात माणसाला घातक ठरू शकणारा एक विषाणू आढळलेला आहे, म्हणून लांबूनच बघायचं. आईंनी मात्र ओळखीचं माणूस दिसावं तसं तोंड भरून हसून बघितलं.

३१ तारखेला ब्लू स्प्रिंग पार्क. सकाळी नऊला फाटकापाशी पोचलो, चारही कयाक टपावर. तिथे कळलं की १५ नोव्हेंबर ते १५ मार्च झऱ्याच्या प्रवाहात पोहणं, कयाक, सगळं बंद. तो काळ मॅनाटींचा. हेही जाण्याआधी बघता आलं असतं. शेवटच्या दिवसाचं कयाकचं भाडं टपावरच बसून राहिलं आणि वाहनतळावर चार जणांनी आम्हाला थांबवून सांगितलं की इथे त्या टाकता येणार नाहीत. आम्ही प्रत्येकाला "हो, आत्ताच कळलं" म्हणालो. आई लाकडी पुलाच्या कठड्याला हात टेकवून दोन तास उभ्या होत्या. खाली कोमट, हिरव्या पाण्यात राखाडी पाठी एकमेकींना टेकून पडलेल्या. मधूनच एखादी नाक वर काढायची, फुस्स करायची, आणि परत खाली जायची. पुतण्या आईंचा स्वेटर घालून शेजारी मोजत होता. एक्क्याऐंशीला त्याचा आकडा चुकला आणि त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली.